चौकटीवरचा लाल ठिपका: वडोद्यातील एका स्लाईड-स्कॅनिंग सेवेचा अनुभव

दांडिया बाजार परिसरातील एका जुन्या फोटो स्टुडिओने अलीकडे स्लाईड (म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेली, प्रोजेक्टरने पडद्यावर दाखवायची पारदर्शक छायाचित्रे) आणि निगेटिव्ह स्कॅन करून देण्याचे काम हाती घेतले आहे. माझ्या आत्याच्या १,८४० स्लाईड मी तेथे चार हप्त्यांत दिल्या, आणि त्या सगळ्या परत येऊन पडद्यावर एकेक पाहून झाल्यावरच हा अभिप्राय लिहीत आहे. वडोद्यातील अनेक मराठी घरांत अशा स्लाईडचे डबे माळ्यावर पडून असतील, त्यांना याचा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे.

आत्या कलेतिहासाची अध्यापक होती. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत तिचे शिक्षण झाले. ही विद्याशाखा १९५० साली सुरू झाली तेव्हा विद्यापीठाच्या कुलगुरुपदी हंसाबेन मेहता होत्या, आणि मुलींनी या विषयात शिकावे की नाही हा प्रश्न निदान त्या आवारात तरी कोणी विचारत नसे, असे आत्या अजूनही अभिमानाने सांगते. पुढे १९६६ ते २००० अशी चौतीस वर्षे तिने एका महाविद्यालयात शिकवले. व्याख्याता म्हणून लागली आणि रीडर, म्हणजे प्राध्यापकाच्या खालच्या पदावर, निवृत्त झाली. तिच्या पिढीतील विद्यार्थिनींपुढे भारतीय कलेच्या अभ्यासक स्टेला क्रॅमरिश यांचे उदाहरण होते. व्हिएन्नात १९१९ साली डॉक्टरेट मिळवून त्या भारतात आल्या, १९५०पर्यंत त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले आणि मग फिलाडेल्फियात त्यांचे दुसरे मोठे पर्व सुरू झाले. आत्याचे पर्व मात्र वडोदे, डभोई, पाटण आणि मोढेरा एवढ्याच टापूत, बहुतेक एस.टी.च्या बसमधून, मागून आणलेला कॅमेरा आणि पोळी-भाजीचा डबा घेऊन पार पडले.

त्या प्रवासांतून जमलेल्या स्लाईड तिने सुताराकडून करून घेतलेल्या सागवानी कपाटात, बारीक फटींच्या खणांत, एकामागे एक लावून ठेवल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात त्यांतील काहींवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली आणि आता थांबून चालणार नाही हे आम्हाला कळले.

प्रथम चित्रांच्या दर्जाविषयी सांगते, कारण बहुतेक ग्राहक तेवढेच पाहतात आणि त्यात हा स्टुडिओ निश्चितच चांगला आहे. मालक स्वतः फिल्म धुण्याच्या काळातले असल्यामुळे कोणती फिल्म कशी वागते हे त्यांना हातानेच कळते. ऑर्वो या बनावटीच्या फिल्मवरच्या स्लाईडचे रंग बहुतेक उतरून तांबूस झाले होते, तर त्याच दशकातील कोडाक्रोम या कोडॅकच्या फिल्मवरच्या स्लाईड अंधाऱ्या खणात राहिल्यामुळे आजही ताज्या दिसत होत्या, आणि त्यांनी पहिल्या दिवशीच दोन्हींचे गठ्ठे वेगळे करून दोन्हींसाठी वेगळी मांडणी ठेवली. धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणारी जी अवरक्त प्रकाशाची सोय स्कॅनरमध्ये असते, ती कोडाक्रोमवर फसते आणि चांदीच्या कणांमुळे कृष्णधवल फिल्मवर तर चालतच नाही. ती सोय त्यांनी मी न सांगता बंद ठेवली आणि अशा प्रत्येक स्लाईडवरील धूळ कुंचल्याने व फुंकणीने काढली. ४,००० डीपीआयला (इंचाला ४,००० ठिपके) केलेल्या प्रत्येक टिफ फाइलचा आकार सुमारे ६४ एमबी येतो, म्हणजे सगळा संग्रह ११८ जीबीच्या आसपास झाला. १९५१ साली वडोद्याजवळ अकोटा येथे सापडलेल्या आणि आता येथील संग्रहालयात असलेल्या जैन धातुमूर्ती आत्याने काचेच्या कपाटातूनच टिपल्या होत्या, आणि पडद्यावर मला त्यांच्या वस्त्रांचे काठ नेहमी काळ्या डागांसारखे दिसत. या स्कॅनमध्ये जीवंतस्वामींच्या, म्हणजे दीक्षेपूर्वीच्या राजवेषातील महावीरांच्या, मुकुटाची आणि कमरपट्ट्याची नक्षी सावलीतून वर आली आहे. तांबेकर वाड्यातील एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिचित्रांच्या स्लाईडही अशाच उजळल्या. त्या चित्रांतील कृष्णलीलेचे काही कोपरे १९६०च्या दशकात कसे दिसत होते, हे आता निदान आमच्या घरी तरी नीट पाहता येते.

परंतु कलेतिहासाच्या अध्यापकाचा संग्रह म्हणजे केवळ चित्रे नव्हेत, आणि पहिल्या हप्त्यात चूक झाली ती नेमकी येथे. ४६० स्लाईड परत आल्या त्या स्वच्छ, सुबक, पण ००१ पासून नव्याने क्रमांक दिलेल्या. हाताळायला सोपे जावे म्हणून कामगाराने मोठ्या चौकटींच्या आणि लहान चौकटींच्या स्लाईड वेगळ्या केल्या होत्या. आत्या दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावून शिकवत असे. डावीकडे एक मूर्ती, उजवीकडे दुसरी, आणि फरक विद्यार्थ्यांनी सांगायचा. त्यामुळे तिच्या खणातील प्रत्येक स्लाईडला एक जोडीदार होता, आणि ती जोडी का लावली हेच तिच्या व्याख्यानाचे सार होते. हे व्याख्यान तिने कधी लिहून काढले नाही, ते त्या फटींच्या क्रमातच होते.

दुसरी चूक त्याहून गंभीर होती आणि ती माझ्या लक्षात आलीच नाही. आम्ही पाटणच्या राणी की वावेतील चित्रे टीव्हीच्या पडद्यावर पाहत होतो. राणी उदयमतीने अकराव्या शतकात बांधलेली ही विहीर शतकानुशतके गाळाने भरलेली होती, आणि १९८०च्या दशकात ती मोकळी होत असताना आत्या तेथे पुन्हा पुन्हा जात असे. एका विष्णुमूर्तीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "अगं, हा माझा विष्णू नाही. चक्र कुठल्या हातात आलंय बघ."

स्लाईड उलटी घालून स्कॅन झाली होती. झाडाचे, डोंगराचे चित्र उलटे झाले तर फारसे बिघडत नाही, पण येथे बिघडते. संध्येत आपण केशवाय नमः, नारायणाय नमः अशी जी चोवीस नावे घेतो, ती मूर्तिशास्त्रात विष्णूची चोवीस वेगळी रूपे आहेत, आणि ती ओळखायची ती शंख, चक्र, गदा व पद्म ही चार आयुधे चार हातांत कोणत्या क्रमाने आहेत यावरून. चार वस्तूंचे असे चोवीसच क्रम होतात. त्रिविक्रमाच्या खालच्या उजव्या हातात पद्म, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात चक्र आणि खालच्या डाव्या हातात शंख असतो. चित्र आरशातल्यासारखे उलटले की तो त्रिविक्रम राहत नाही, दुसऱ्याच नावाचा देव होतो. उद्या कोणी विद्यार्थी ती फाइल पाहून काही लिहील तर चूक त्याच्या नावावर जाईल आणि तिचा उगम कोणाला सापडणार नाही. पहिल्या हप्त्यात अशा अकरा स्लाईड निघाल्या.

यानंतर स्टुडिओने जे केले, त्यासाठी मी ही सेवा इतरांना सुचवते. मालक स्वतः घरी आले. आत्याने त्यांना चौकटीच्या कोपऱ्यातला लाल ठिपका दाखवला. स्लाईड डोळ्यांसमोर सुलट धरली की तो खाली डाव्या हाताला येतो, आणि प्रोजेक्टरमध्ये घालताना अंगठा त्याच्यावर असावा लागतो. "ताई, हा ठिपका आम्ही लहानपणी पाहिला होता, पण विसरलो," असे त्यांनी सरळ मान्य केले. ठिपका पुसला गेला असेल तेथे फिल्मची चकचकीत बाजू कोणती आणि मंद बाजू कोणती हे पाहून सुलट-उलट ठरवण्याची रीत त्यांनी त्याच दिवशी आपल्या कामगाराला शिकवली. पहिला हप्ता त्यांनी पैसे न घेता पुन्हा केला आणि पुढच्या तिन्ही हप्त्यांत एकही उलटी स्लाईड मला सापडली नाही. फाइलला नाव देताना आता खणाचा क्रमांक आणि फटीचा क्रमांक येतो, त्यामुळे जोड्या पुन्हा जोड्या झाल्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली, ती म्हणजे प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंचा साधा फोटो. आत्याने तेथे बोरूसारख्या टोकदार अक्षरात ठिकाण, शतक, कोणत्या वर्गाला दाखवली आणि प्रकाश कोठून होता हे लिहिले आहे, आणि काही कंपन्या स्लाईड धुतल्याचा महिना व साल पुठ्ठ्यावर छापत असत. ते सगळे तारखांनुसार लावले तेव्हा १९७१ ते १९७६ या काळातील एकही स्लाईड नाही हे आम्हाला दिसले. त्या वर्षांत घरात दोन लहान मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. ती रोज वर्ग घेत होती, पण प्रवास थांबला होता, आणि प्रबंध त्यामुळेच १९७९पर्यंत लांबला. बढतीच्या अर्जात ही पाच वर्षे 'संशोधन नाही' एवढ्याच शब्दांत मोजली गेली. त्या आधीच्या आणि नंतरच्या स्लाईड शेजारी ठेवल्या की मात्र नंतरच्या छायाचित्रांत ती मूर्तीच्या अधिक जवळ गेलेली, हातांवर आणि आयुधांवर अधिक थांबलेली दिसते, आणि हे मला या कामामुळेच कळले.

दर सांगायचा तर स्कॅनिंगला प्रत्येकी २० रुपये आणि चौकटीच्या फोटोंना ४ रुपये, असे एकूण ४४,१६० रुपये झाले. ही रक्कम लहान नाही, पण काम हाताने होते हे लक्षात घेता मला ती योग्य वाटते. पोचपावती मिळते, मात्र प्रत्येक खणाची वेगळी यादी मिळत नाही. ती आपणच करून तिच्यावर त्यांची सही घ्यावी. दोन हप्त्यांना सांगितल्यापेक्षा आठवडाभर उशीर झाला. प्रबंधाची कार्बन प्रत मी नेली तेव्हा तो पातळ कागद आपल्या यंत्रातून सुखरूप जाणार नाही म्हणून त्यांनी काम नाकारले, आणि त्या नकाराबद्दल मी त्यांची आभारी आहे.

खणांत सदतीस फटी रिकाम्या होत्या आणि प्रत्येकीत आत्याने खोचलेली चिठ्ठी होती: कोणती स्लाईड, कोणी नेली, कधी. स्टुडिओने क्रम तुटू नये म्हणून त्या चिठ्ठ्याही त्या-त्या क्रमांकावर स्कॅन केल्या आणि त्यांचे पैसे लावले नाहीत. आत्या आता रोज दुपारी ती नावे वाचून जुन्या विद्यार्थ्यांना फोन करते. आतापर्यंत तीन स्लाईड कुरिअरने परत आल्या आहेत, आणि त्या घेऊन मी येत्या सोमवारी पुन्हा दांडिया बाजारात जाणार आहे.