लांगटांग की तामांग वारसा वाट? आठ दिवस कुठे घालवायचे

काठमांडूच्या ट्रेकवाल्यांकडून येणाऱ्या पीडीएफमध्ये एक वाक्य हमखास असतं: 'पारंपरिक तामांग गावांमधून लांगटांग खोऱ्याचा गाईडसह ट्रेक'. वाक्य खोटं नाही, पण त्यात दोन वेगवेगळे ट्रेक एकाच पिशवीत कोंबलेले असतात. लांगटांग खोरं हा एक. तामांग वारसा वाट, म्हणजे तिकडे ज्याला 'तामांग हेरिटेज ट्रेल' म्हणतात, तो दुसरा (तामांग हा नेपाळमधला एक डोंगरी समाज). दोन्ही एकाच गावातून सुटतात, दिवस जवळपास तेवढेच लागतात, खर्चातही जमीनअस्मानाचा फरक नाही. त्यामुळे लोक जे समोर येईल ते घेऊन मोकळे होतात. परत आल्यावर कोणी म्हणतं गावं दिसलीच नाहीत, कोणी म्हणतं बर्फ लांबूनच पाहिला.

दोन्हींचं दार स्याफ्रुबेसी. काठमांडूच्या उत्तरेला, रसुवा जिल्ह्यात, तिबेटच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण बसला सात-आठ तास सहज लागतात. त्रिशूली बाजार मागे पडला की रस्ता अरुंद होत जातो, आणि धुंचेच्या आधी दरडींचा पट्टा लागतो. तिथे खिडकीची जागा हवी की नको, हे ज्याचं त्याने ठरवावं. स्याफ्रुबेसीची उंची साधारण १,५०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या माथ्यापेक्षाही थोडी खालीच. इथून पूर्वेला लांगटांग खोला नदीच्या काठाने वर गेलात तर लांगटांग खोरं. पश्चिमेचा डोंगर चढून गतलांगकडे उतरलात तर वारसा वाट.

चढत जाणारी वाट आणि वर-खाली करणारी वाट

लांगटांगची वाट सरळ स्वभावाची आहे. नदी धरायची आणि वर जायचं. पहिल्या दिवशी दाट जंगलातून लामा हॉटेलपर्यंत (हे हॉटेलचं नाव नाही, वस्तीचंच आहे, तिथे हॉटेलं बरीच), उंची साधारण २,४७० मीटर. दुसऱ्या दिवशी घोडाताबेलाच्या पुढे झाडी विरळ होते आणि इतका वेळ चिंचोळं वाटणारं खोरं अचानक रुंद होतं. डाव्या हाताला लांगटांग लिरुंग, ७,२२७ मीटर. तिसऱ्या दिवशी क्यांजिन गोम्पा (गोम्पा म्हणजे बौद्ध मठ), सुमारे ३,८७० मीटर. तिथे दोन मुक्काम टाकायचे आणि मधल्या दिवशी क्यांजिन री (री म्हणजे डोंगर) किंवा, पाय आणि फुफ्फुसं साथ देत असतील तर, ४,९८४ मीटरचं त्सेर्को री. परतीला तीच वाट, दोन दिवसांत.

गोम इथे उंचीची आहे. लामा हॉटेलहून लांगटांग गाव ३,४३० मीटरवर, म्हणजे एका दिवसात जवळपास साडेनऊशे मीटरची उडी. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम. आणि बहुतेक कार्यक्रमपत्रिका तो दुसऱ्याच दिवशी मोडतात. घोडाताबेला किंवा थांगश्यापला एक मुक्काम वाढवून मागा. राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्यांनी तर नक्कीच मागा, कारण सह्याद्रीत कमावलेला दम विरळ हवेपुढे चालत नाही. उलट तगडी माणसं भराभर चढतात आणि क्यांजिनला डोकं धरून बसतात. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, काय करायचं ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, लॉजमधल्या शेजाऱ्याला नव्हे.

वारसा वाटेवर ही भीती जवळजवळ नाही. गतलांग २,२३८ मीटर, तातोपानी सुमारे २,६००, थुमन २,३३८, ब्रिद्दिम २,२२९. सगळ्यात उंच जागा नागथली, ३,१६५ मीटर. आकडे वाचून वाटेल, सोपं आहे. तसं नाही. गतलांगहून चिलिमेच्या नदीपर्यंत उतरा, मग तातोपानीला चढा. थुमनहून भोटेकोशी नदीपर्यंत उतरा, मग ब्रिद्दिमला चढा. गुडघे ज्यांचे बोलतात त्यांना लांगटांगपेक्षा ही वाट जास्त बोलायला लावेल. घाटमाथ्यावरून कोकणात आणि परत वर, असं करणाऱ्यांना मात्र ही चाल ओळखीची वाटेल.

तातोपानी म्हणजे गरम पाणी. जुन्या माहितीपत्रकांत तिथल्या कुंडात आंघोळीचं आमिष अजूनही असतं. २०१५च्या भूकंपानंतर तो झरा आटला. टॉवेल बाहेर काढून ठेवू नका.

डोंगर बघायचे तर तुलनाच नाही. लांगटांगमध्ये तुम्ही हिमनद्यांच्या अंगणात उभे असता. नागथलीच्या कुरणावरून तेच डोंगर समोरच्या गॅलरीतून पाहिल्यासारखे दिसतात. अर्थात त्या गॅलरीत गणेश हिमालही आहे. त्याच्या एका शिखराचा दक्षिणेकडचा कडा सोंडेसारखा दिसतो म्हणून हे नाव. आमच्या गटातल्या दोघांनी तिथे जोरात 'मोरया' केलं. गाईडने हसून मान डोलावली. हे त्याला नवीन नसावं.

गावं कोणाची

माझ्या मते निवड इथे ठरते.

लांगटांग खोऱ्यातले लोक कागदोपत्री तामांग, पण स्वतःला लांगटांगपा म्हणवतात. त्यांची बोली आणि नातीगोती पलीकडच्या तिबेटी केरुंगशी जवळची. खोऱ्याच्या नावाची गोष्टही तिबेटी: हरवलेल्या बैलाच्या मागे मागे एक माणूस इथवर आला, 'लांग' म्हणजे बैल आणि 'तांग' म्हणजे मागे जाणं. आणि २५ एप्रिल २०१५ला, भूकंपाच्या धक्क्याने वरून सुटलेल्या बर्फ-दगडांच्या लोंढ्याने जुनं लांगटांग गाव जवळजवळ पूर्ण गाडलं. तीनशेहून अधिक माणसं गेली, गावकरी आणि पाहुणे दोन्ही. कड्याच्या आडोशाला असलेलं एक घर तेवढं राहिलं. आजची वाट त्या दगडांच्या ढिगावरूनच जाते. चालायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पायाखाली नुसती खडी, आणि गप्पा आपोआप थांबतात. पुढे नवं गाव लागतं: सिमेंटची, रंगीत पत्र्यांची लॉजं, वायफायच्या पाट्या. 'पारंपरिक गाव कुठाय' असं विचारणाऱ्या पर्यटकाला तिथे काय सांगणार? गावाच्या पुढे मुंदूपर्यंत मणी-भिंती आहेत, मंत्र कोरलेल्या पाट्यांच्या लांबच लांब ओळी. त्या उजव्या हाताला ठेवून चालायचं. आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो तसंच, म्हणून पटकन लक्षात राहतं.

तामांग गावं खऱ्या अर्थाने पाहायची असतील तर ती वारसा वाटेवर. नेपाळच्या ग्रामीण पर्यटन कार्यक्रमाने दोन हजारच्या दशकात ती आखली, तीही मुद्दाम, म्हणजे लांगटांगला जाणाऱ्यांचे थोडे पैसे बाजूच्या गावांतही पडावेत म्हणून. त्या गावांच्या गरिबीला इतिहास आहे. १८५४च्या मुलुकी ऐन या कायद्याने तामांगांना 'मासिन्या मतवाली' या वर्गात टाकलं: दारू पिणारे आणि गुलाम करता येतील असे. काठमांडूच्या राजवटीसाठी ओझी वाहायची, वेठ करायची. 'तामांग' हे नाव सरकारदरबारी वापरायला परवानगी मिळाली ती १९३२मध्ये. पाठीवर सामान घेऊन पुढे चालणाऱ्या पोर्टरला 'किती वजन?' असं विचारण्याआधी हे माहीत असावं.

गतलांग हे या वाटेचं मुख्य गाव. दगडी घरं एकमेकांना चिकटून रांगेत, खिडक्यांच्या चौकटींवर कोरीवकाम. पूर्वी छपरं लाकडी फळ्यांची होती, ऊनपावसाने काळी पडलेली, म्हणून लांबून अख्खं गावच काळं दिसायचं. भूकंपात इथेही पडझड झाली आणि आता पत्रा बराच आलाय. तरी गल्ल्या, अंगणं, सुकत घातलेला मका जागच्या जागी आहेत. आम्ही उतरलो त्या घरातल्या आमाने संध्याकाळी चुलीवर लोखंडी कढईत पाणी उकळलं, त्यात पीठ टाकलं आणि लाकडी डाव दोन्ही हातांनी धरून घोटायला सुरुवात केली. ढिंडो. पीठ कशाचं विचारलं तर म्हणाली, 'कोदो'. पाहिलं तर चक्क नाचणी. नेपाळीत नाचणीलाच कोदो म्हणतात. घट्ट उकडीसारखा गोळा, सोबत गुंद्रुकचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं, आंबट पाणीदार कालवण. घोटताना ती कुणाशी तरी तामांगमध्ये बोलत होती, मध्येच आमच्याकडे बघून हसली. गाईडने भाषांतर केलं: 'विचारतेय, एवढ्या लांबून चालायला आलात, तुमच्याकडे डोंगर नाहीत का?'

लांगटांगमध्ये जेवण चांगलंच मिळतं, पण मेन्यूकार्डावरचं, आणि ते खालपासून वरपर्यंत जवळपास एकच. दालभात पोटभर वाढतात. शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. क्यांजिनला चीजचा कारखाना आहे, १९५०च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेला. सगळे 'याक चीज' म्हणतात, पण याक हा नर असतो. दूध चौंरीचं, म्हणजे याक आणि गाईच्या संकराचं. घरी आणायला याहून चांगलं काही तिथे मिळणार नाही.

गाईड कशासाठी

एप्रिल २०२३पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना गाईड सक्तीचा केला आहे. अंमलबजावणी कुठे कडक, कुठे ढिली. 'भारतीय आहोत, काय होतंय' असं धरून जाऊ नका. पण नियम बाजूला ठेवला तरी दोन वाटांवर गाईडचं काम वेगळं आहे. लांगटांगमध्ये वाट चुकणं अवघड. तिथे गाईड तुमच्या चेहऱ्याकडे बघून 'आज पुढे नाही, खाली' म्हणणारा हवा, आणि गर्दीच्या दिवसांत पुढे फोन करून खोली धरणारा. वारसा वाटेवर त्याच्याशिवाय तुम्ही मुके. लॉजवाल्यांशी हिंदी चालते, पण गतलांगच्या आजीशी नाही. नेपाळीसुद्धा तिची दुसरी भाषा. एका ओळखीच्या गटाला काठमांडूहून दिलेला गाईड स्वभावाने छान होता, पण तामांग येत नव्हतं. घरात बसून सगळे एकमेकांकडे बघून हसत राहिले आणि आठ वाजता झोपले. गाईडचा दर दिवसाला साधारण २५ ते ३५ डॉलर पडतो. त्यात भाषा येणारा माणूस मागणं हा तुमचा हक्क आहे.

बाकी खर्च थोडक्यात. लांगटांग राष्ट्रीय उद्यानाचं (स्थापना १९७६) तिकीट सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये, टिम्स कार्ड (ट्रेकर्सच्या नोंदणीचं) १,०००. निघण्याआधी दर पुन्हा तपासा. स्याफ्रुबेसीचा रस्ताच उद्यानातून जात असल्याने वारसा वाटेवाल्यांनीही तिकिटाचे पैसे धरूनच चालावं. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. वर एटीएम नाही. विमानाने जाणाऱ्यांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावं, आधारवर अडवतात. लांगटांगसाठी विमा घेताना हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आणि ५,००० मीटरपर्यंतची उंची त्यात आहे का, हे बारीक अक्षरांत वाचा. त्सेर्को री त्या रेषेच्या जेमतेम खाली बसतं.

हंगाम दोन्हींचा तोच: ऑक्टोबर-नोव्हेंबर, किंवा मार्च-एप्रिल, जेव्हा जंगलात लालीगुरांस फुललेला असतो. फरक डिसेंबर-जानेवारीत पडतो. तेव्हा क्यांजिनला बर्फ आणि कडाका, खालच्या गावांत मात्र जाता येतं. आणि माघ शुद्ध प्रतिपदेला तामांगांचं नवं वर्ष, सोनाम ल्होसार. पावसाळ्यात दोन्हीकडे नाही. ८ जुलै २०२५ला भोटेकोशीच्या पुराने रसुवागढीचा सरहद्दीवरचा पूलच वाहून नेला. त्या बाजूचा रस्ता कसा आहे, याची चौकशी कोरड्या दिवसांतही करूनच निघा.

मग कोणी कुठे जावं

पहिल्यांदाच हिमालयात चाललात, तब्येत ठणठणीत आहे आणि आठ-नऊ दिवस आहेत: लांगटांग. एवढ्या जवळून सात हजारी डोंगर, तेही विमान बदलून लुकलाला (एव्हरेस्टच्या वाटेवरचा विमानतळ) न जाता, फार कमी ठिकाणी मिळतो. फक्त त्याला गावांचा ट्रेक समजू नका. सोबत साठीतले आई-बाबा आहेत, किंवा दहा-बारा वर्षांचं मूल: वारसा वाट, आणि गतलांगपर्यंत जीप. फोटोंसाठी जाणाऱ्यांनी पुन्हा लांगटांग. माणसांसाठी जाणाऱ्यांनी वारसा वाट, अगदी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा नेपाळला जाणाऱ्यांनीही.

बारा दिवस काढता आले तर प्रश्नच मिटतो. आधी गतलांग, तातोपानी, नागथली, थुमन, ब्रिद्दिम. मग स्याफ्रुबेसीला न उतरता शेरपागावच्या वरच्या वाटेने थेट लांगटांग खोऱ्यात. क्रम हाच ठेवा. नागथलीपर्यंत वर-खाली केल्याने शरीर उंचीला रुळतं आणि घोडाताबेलाच्या पुढची चढण निम्मी सुसह्य होते. उलटा क्रम लावलात तर क्यांजिन पाहून आलेल्या डोळ्यांना गतलांग 'खालचं' वाटायला लागतं, आणि पायही तोवर कुरकुरत असतात.

पीडीएफ आली की दोन गोष्टी विचारा. मुक्कामांच्या यादीत गतलांग आणि ब्रिद्दिम आहेत का? नसतील तर तो लांगटांग ट्रेकच आहे, वर काहीही लिहिलेलं असो. दुसरं, गाईड कोणत्या गावचा? 'अनुभवी, सरकारमान्य, उत्तम इंग्रजी' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. 'गोल्जुंगचा, मामाचं घर थुमनला' असं आलं तर आगाऊ रक्कम पाठवायला हरकत नाही.