वचनाभ्यासासाठी लॅमिंग्टन रोडचा असेंबल्ड संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या बायबल अभ्यासवर्गातील जुना संगणक बदलणे भागच पडले, कारण विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची सोय आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर यांपैकी त्यात काहीच नव्हते. लोगॉस आणि ई-सोर्ड ही बायबल अभ्यासाची दोन सॉफ्टवेअर विनाकटकट चालावीत, एवढीच मुख्य अपेक्षा ठेवून ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून नवा संगणक असेंबल करून घेतला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) आणि २४ इंची आयपीएस मॉनिटर असा हा संच आहे. या कामासाठी तो मी निःशंकपणे सुचवीन. मात्र दुकानदाराच्या पहिल्या कोटेशनमध्ये होता तसा नव्हे.

त्या कोटेशनमध्ये सगळा भर ग्राफिक्स कार्डावर होता. लॅमिंग्टन रोडवरचे बरेचसे गिऱ्हाईक गेमिंगसाठी येते, तेव्हा दुकानदाराला त्यात वावगे वाटले नसावे. परंतु बायबल अभ्यासाचे सॉफ्टवेअर म्हणजे मूलतः एक ग्रंथालय आणि त्या ग्रंथालयातील प्रत्येक शब्दाची सूची. लोगॉसमध्ये नवे ग्रंथ उतरवले की ते पार्श्वभूमीला इंडेक्सिंग सुरू करते, म्हणजे भाष्यग्रंथ, शब्दकोश आणि भाषांतरे यांतील शब्द कोठे कोठे आले आहेत याची नोंद डिस्कवर लिहून ठेवते. या कामात प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही घाम गाळतात, ग्राफिक्स कार्ड मात्र स्वस्थ बसून असते. ५६००जी मध्ये चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच आहे, आणि ती इथे पुरून उरते. वेगळे कार्ड काढून टाकल्यावर जो पैसा वाचला, त्यातून मॉनिटर चांगला घेता आला.

सर्वांत जास्त फरक पडतो तो डिस्कमुळे. जुन्या यंत्रातील हार्ड डिस्कवर इंडेक्सिंग चालू असताना साधे वचन उघडायलाही वाट पाहावी लागे, आणि जुन्या करारात सुमारे अडीचशे वेळा येणारा ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द शोधायला लावला की मधल्या वेळात चहा टाकून यावा अशी स्थिती होती. आता एंटर दाबताच यादी समोर येते. पहिले मोठे इंडेक्सिंग तेवढे रात्रभर चालू ठेवलेले बरे. मात्र एसएसडी घेताना चौथ्या पिढीच्या महागड्या मॉडेलच्या मोहात पडू नये. ५६००जी हा प्रोसेसर पीसीआयईच्या, म्हणजे डिस्क ज्या मार्गाने प्रोसेसरशी जोडली जाते त्याच्या, तिसऱ्या पिढीपर्यंतच चालतो, त्यामुळे जास्तीचे पैसे मोजूनही वेग तेवढाच मिळतो. ही गोष्ट दुकानात कोणीही आपणहून सांगितली नाही.

डिस्कचीच आणखी एक बाब आधी बोलून घ्यावी. विंडोज बसवून देताना आपल्याकडे सवयीने सी, डी आणि ई असे भाग पाडतात आणि सीच्या वाट्याला जेमतेम शंभर जीबी ठेवतात. लोगॉस आपले ग्रंथ आणि त्यांची सूची, वेगळी सूचना दिली नाही तर, सी ड्राइव्हवरच ठेवते, आणि संग्रह मोठा असेल तर तेवढ्यानेच वीस-तीस जीबी सहज भरतात. विंडोज आणि तिचे अपडेट त्यात मिळवले की सी लाल रंग दाखवू लागते आणि शेजारची डी रिकामी पडून राहते. आम्ही संपूर्ण डिस्क एकाच भागात ठेवायला सांगितली. दुकानातील मुलाने दोनदा विचारून खात्री करून घेतली, पण सांगितले तसे केले.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. सॉफ्टवेअर आठ जीबीवर चालते, परंतु पाच-सहा ग्रंथ, ब्राउझर आणि प्रवचनाची फाइल एकत्र उघडली की धाप लागते. शिवाय अंगभूत ग्राफिक्स याच रॅममधून आपला वाटा घेते. एका सोळाऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्या घेणे अधिक चांगले, कारण मग प्रोसेसर दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी काम करतो.

मॉनिटरबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक जण तिथेच काटकसर करतात. हिब्रू मजकुरात बहुतेक स्वर हे अक्षराखालच्या बारीक खुणांनी दाखवलेले असतात. पताह म्हणजे नुसती आडवी रेघ आणि कामेत्स म्हणजे त्याच रेघेला खाली फुटलेला लहानसा दांडा. अंधुक पडद्यावर हे दोन्ही एकसारखेच दिसतात. शीन आणि सीन यांतही फरक एवढाच की एकावर टिंब उजवीकडे असते, दुसऱ्यावर डावीकडे. ग्रीकमध्ये शब्दाच्या आरंभी येणारी श्वासचिन्हे एकमेकांच्या उलट वळलेल्या स्वल्पविरामांसारखी असतात. जुन्या लॅपटॉपच्या १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर हे वाचताना डोळे बारीक करावे लागत. १९२० बाय १०८० च्या या मॉनिटरवर एका बाजूला मूळ मजकूर, मध्ये मराठी भाषांतर आणि उजवीकडे भाष्य असे तीन रकाने नीट वाचता येतात, आणि वर्गातील मागे बसलेल्यांनाही अक्षर मोठे करून दाखवता येते.

लॅपटॉप का घेतला नाही, असे काहींनी विचारले. ज्यांना ठाण्याहून चर्चगेटपर्यंत लोकलने यंत्र न्यायचे आहे, त्यांनी लॅपटॉपच घ्यावा. तेव्हा रॅम पुढे वाढवता येते की बोर्डावर कायमची जोडलेली आहे, हे विचारून घ्यावे. अ‍ॅपलच्या मॅकवरही लोगॉस उत्तम चालते, पण ई-सोर्ड विंडोजवर मोफत असून मॅकवरची आवृत्ती विकत घ्यावी लागते. क्रोमबुकचा विचार या कामासाठी करूच नये. आमचे यंत्र मंडळीच्या खोलीत एकाच टेबलावर राहणार, आणि त्याच टेबलावर पंडिता रमाबाईंचे छापील भाषांतरही उघडे ठेवायचे असते, म्हणून डेस्कटॉप सोयीचा ठरला.

आता तक्रारी. मदरबोर्डमध्ये वायफाय नाही हे घरी आणल्यावर कळले आणि वेगळा डोंगल घ्यावा लागला. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. कॅबिनेटबरोबर आलेल्या पंख्याचा आवाज शांत प्रार्थनेच्या वेळी खटकतो, तो लवकरच बदलावा लागेल. विंडोजचा परवाना विचारल्यावर ‘टाकून देतो ना’ असे उत्तर मिळाले. मंडळीच्या पैशातून घ्यायच्या यंत्रावर तसले विनापरवाना काही नको, असे सांगून अधिकृत परवाना आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल घेतले. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगवेगळ्या कंपनीची असल्यामुळे त्या बिलाला फार महत्त्व आहे. ई-सोर्डमधील टिपणे आपल्याच डिस्कवर राहतात, म्हणून एक बाहेरची डिस्क आणि पावसाळ्यात वीज खंडित झाली तर सोय म्हणून छोटा यूपीएस हे दोन खर्च आरंभीच धरावेत. ते वगळता, परवान्यासह सर्व मिळून खर्च बावन्न हजारांच्या आसपास आला.