आपली चावडी: चाकरमान्यांच्या कामाची सरकारी पाटी

घर डोंबिवलीत आणि सातबारा राजापुरात, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. महसूल विभागाच्या ‘आपली चावडी’ या डिजिटल नोटीस बोर्डाला मी पाचपैकी साडेतीन तारे देते. त्यातला अर्धा तर नुसता फुकट आहे म्हणून.

ही भानगड काय, ते आधी. जमिनीच्या नोंदीत बदल करायचा झाला, म्हणजे खरेदी, वारस, वाटणी, हक्कसोड किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा काहीही, की तलाठी फेरफार नोंदवतो आणि त्याची नोटीस चावडीत लावतो. (तलाठ्यांना आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं आहे. आमच्या वाडीत अजून कोणी म्हटलेलं ऐकलं नाही.) १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं कलम १५० सांगतं की नोटीस लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचंही. हरकतीला पंधरा दिवस. तेवढ्यात कोणी हूं की चूं केलं नाही, तर तलाठ्याच्या वरचे मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करून मोकळे.

आता कोकणातला हिशोब मांडा. आम्ही गावाला जाणार गणपतीत, मे महिन्यात आणि जमलं तर शिमग्याला. गौरी-गणपती पोचवून एसटीत बसल्यावर दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, तर आमच्या दृष्टीने ती लागलीच नाही. सामाईक सातबाऱ्यावर दीड डझन नावं, त्यातली निम्मी स्वर्गवासी. उरलेल्यांचा कागदावरचा पत्ता गावचा आणि त्या घराला कुलूप. लेखी नोटीस जाणार कोणाच्या हातात?

या पानाने नेमकी ती अडचण धरली आहे. महाभूमीच्या, म्हणजे सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ उघडायची. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि कॅप्चा भरायचा. ना लॉगिन, ना ओटीपी, ना पैसे. गावात सध्या नोटिशीवर असलेल्या फेरफारांचा तक्ता समोर येतो: फेरफार नंबर, प्रकार, दिनांक, सर्व्हे नंबर आणि ‘हरकत नोंदविण्याची शेवटची तारीख’. मला हा शेवटचा रकाना सगळ्यात आवडतो. आपली मुदत कधी संपते हे सरकारी कागद स्वतःहून, वेगळ्या रकान्यात सांगतोय, असं फार ठिकाणी बघायला मिळत नाही. पुढे ‘पहा’ दाबलं की नमुना ९ ची, म्हणजे चावडीत लागते तीच, नोटीस उघडते.

मागे एकदा याच तक्त्यात आमच्या शेजारच्या हिश्शावर बोजा चढताना दिसला. भाऊला फोन केला, तर तो बारा महिने गावात राहणारा माणूस मलाच विचारतो, “तुला गो कोणी सांगितलान?” चावडीवरून तो रोज जातो. भिंतीकडे कोण बघतंय!

पण पाटी ती पाटीच. ती भिंतीवरून फोनमध्ये आली, तरी आपण तिच्यापर्यंत चालत जायचं, हे काही बदललं नाही. आपला सर्व्हे नंबर आणि मोबाइल नंबर देऊन ठेवावा आणि त्या नंबरावर हालचाल झाली की मेसेज यावा, अशी जागा या पानावर नाही. खात्यातून पैसे गेले की बँक मेसेज करून कळवते. इथे आजोबांच्या काजूच्या बागेचा प्रश्न असतो. माझा दीड तारा कापला गेला तो मुख्यतः इथे. नाव विचारत नाही म्हणून पान उघडायला सोपं, आणि नाव विचारत नाही म्हणूनच ते आपल्याला हाक मारू शकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच दाराने आल्यात, हे मला कळतं. तरीही ज्याला हवं त्याला नंबर नोंदवायची मुभा द्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. चावडीतली नोटीस आधीही सगळ्यांसाठीच असायची, पण ते ‘सगळे’ म्हणजे गाव. आता कोणाच्या जमिनीवर कर्ज चढलं, कोण मयत झालं आणि वारस कोण, हे कुठल्याही शहरात बसलेला माणूस वाचू शकतो. किनाऱ्यालगतच्या जमिनी शोधत फिरणाऱ्या दलालांनाही बोटं आहेत. माहिती बंद करावी असं मी म्हणणार नाही, कारण बंद माहितीचा फायदा कोणाला होत आलाय हे कोकणात वेगळं सांगायला नको. मनात खुपतं, एवढंच.

वापरणाऱ्यांसाठी थोडं. मुदत पंधरा दिवसांची आहे, तेव्हा आठवड्याचा एक वार ठरवून टाका. मी सोमवारी डबा भरायच्या आधी बघते. प्रकारात ‘वारस’ दिसलं तर ‘पहा’ दाबाच आणि वारसांची नावं एकेक करून मोजा. माहेरच्या जमिनीत मुलींची नावं राहून गेलीत का, हे बघायची हीच वेळ. नंतर अपिलाच्या फेऱ्या. आणखी एक पडताळा म्हणजे नवीन रचनेच्या सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ आहे की नाही, शेवटचा फेरफार कोणता आणि कधीचा, हे छापलेलं असतं. बघण्यापुरता सातबारा फुकट आहे, पण तो कायदेशीर कामाला चालत नाही. त्यासाठी डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो.

आणि हरकत घ्यायची वेळ आलीच, तर भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा करत बसू नका. नोटिशीतला फेरफार नंबर घालून तलाठ्याच्या कचेरीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आहे ना बघा. हरकत वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढली का, तेही विचारा. हे काम अजून त्या कचेरीतच जाऊन करायचं, आणि त्यासाठी रत्नागिरीच्या गाडीचं तिकीट काढायला लागतं.