कायओएस: सिस्टीम झकास, पण धंदा एकाच गिऱ्हाईकावर उभा

कायओएस या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा कीपॅड फोन घ्यावा का किंवा त्यासाठी अ‍ॅप बनवावं का असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आता "नको" असंच आहे, आणि हे लिहिताना खरंच वाईट वाटतंय कारण ही सिस्टीम मला मनापासून आवडते.

फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने फोनवरचं फायरफॉक्स ओएस सोडून दिलं, त्याच कोडवर ही उभी राहिली. 256 एमबी रॅममध्ये चालते, अ‍ॅप म्हणजे साधं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट, वेबसाइट बनवतात त्याच भाषा. 2017 ला याच सिस्टीमवर जिओफोन आला, 1500 रुपये डिपॉझिट, 4जी, मराठी मेनू, आणि ज्यांना टचस्क्रीन जमतच नाही अशा माणसांच्या हातात इंटरनेट आलं, हे काम छोटं नाही हो. 2018 ला गुगलने 2 कोटी 20 लाख डॉलर गुंतवले, त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅप आलं, तेव्हा भारतात अ‍ॅण्ड्रॉइडच्या खालोखाल हीच सिस्टीम होती, आयफोनपण मागे!

मग अडलं कुठे तर पैशात. 1500 चा फोन घेणारा माणूस अ‍ॅप विकत घेणार नाही, म्हणजे राहिल्या जाहिराती, त्याही 2.4 इंची स्क्रीनवर. आणि भारतातले बहुतेक फोन जिओचे, त्यात अ‍ॅप स्टोअरपण जिओचंच, म्हणजे कायओएसच्या हातात स्वतःचं दुकानसुद्धा नाही. त्यात कायओएसच्या 2.5 आणि 3.0 या आवृत्त्यांसाठी अ‍ॅप वेगळं बांधायचं, एवढी मेहनत कोण करणार?

2021 ला जिओफोन नेक्स्ट अ‍ॅण्ड्रॉइडवर गेला तेव्हाच वारं कळायला हवं होतं. तरी 2023 ला जिओफोन प्रायमा 2599 ला कायओएसवर आला, व्हॉट्सअ‍ॅपच्या नावावरच विकला गेला म्हणा ना, आणि जून 2024 ला व्हॉट्सअ‍ॅपने कायओएसवर नवीन डाउनलोड बंद केलं, 2025 च्या सुरुवातीला जुन्या लोकांचंपण. आपल्याकडे फोन घेतानाचा पहिला प्रश्नच "व्हॉट्सअ‍ॅप चालतं का" हा असतो, त्याला नाही म्हटलं की दुकानदार तरी काय विकणार.

फक्त कॉल, एफएम, टॉर्च हवा असेल तर घ्या, पण मग त्याहून स्वस्त साधा फोनपण चालेल. आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांनो, या लोकांना सोडू नका प्लीज, हलकी वेबसाइट बनवा, बटणांनी फिरता येईल अशी, ती इथल्या ब्राउझरमध्येपण उघडेल आणि स्वस्तातल्या अ‍ॅण्ड्रॉइडवरपण.