‘सर्वज्ञ’ या एका नोंदीवरून कोश-ॲपची पारख

मुद्रितशोधनाच्या कामात शब्दकोश दिवसातून वीस-पंचवीस वेळा उघडावा लागतो, आणि छापील खंड दरवेळी काढून चाळणे जमत नसल्यामुळे गेले चार महिने मी एक मराठी कोश-ॲप नियमित वापरत आहे. शंभर शब्द वरवर तपासण्यापेक्षा एकच नोंद मुळापासून वाचली तर कोशाची खरी ओळख होते, असे माझे मत आहे. ती नोंद मला कामातूनच मिळाली. एका लेखात ‘ही गोष्ट आता सर्वज्ञ आहे’ असे वाक्य होते. ते चूक असल्याचे मी लेखकाला कळवले, तेव्हा त्यांनी याच ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यात ‘सर्वज्ञ’ या शब्दापुढे ‘सर्व जाणणारा’ हा अर्थ होता आणि खाली समानार्थी शब्दांत ‘त्रिकालज्ञ’च्या शेजारी ‘सर्वश्रुत’ दिलेला होता.

अर्थ बरोबर आणि समानार्थी शब्द चूक, अशी ही नोंद आहे. ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे या धातूपासून आलेला ‘ज्ञ’ समासाच्या शेवटी येतो तेव्हा तो जाणणाऱ्याला दाखवतो. तज्ज्ञ, मर्मज्ञ, कृतज्ञ, अल्पज्ञ हे सगळे शब्द त्याच घडणीचे आहेत. त्यामुळे सर्वज्ञ कोणी तरी असतो, एखादी गोष्ट सर्वज्ञ असू शकत नाही. गोष्ट असते ती सर्वज्ञात किंवा सर्वश्रुत. गोंधळ बहुधा ‘बहुश्रुत’मुळे होत असावा, कारण ज्याने पुष्कळ ऐकले-वाचले आहे अशा माणसाला आपण बहुश्रुत म्हणतो आणि सर्वांनी ऐकलेल्या हकिकतीला सर्वश्रुत, रूप सारखे, पण एक विशेषण माणसाचे आणि दुसरे हकिकतीचे. कोशाने हा फरक एका ओळीत सांगितला असता, तर त्या लेखकाची चूक झालीच नसती.

मला याहून अधिक खटकते ती वापराविषयीची शांतता. हा शब्द कोणाला लावायचा, याला मोठा इतिहास आहे. मुंडकोपनिषदात ‘यः सर्वज्ञः सर्ववित्’ असे ब्रह्माविषयी म्हटले आहे. जैन परंपरेत केवलज्ञान प्राप्त झालेला तो सर्वज्ञ. अमरकोशात बुद्धाच्या नावांची सुरुवातच ‘सर्वज्ञ’ या नावाने होते आणि पुढे शिवाच्या नावांतही तोच शब्द पुन्हा येतो. मराठीपुरते बोलायचे तर महानुभाव पंथात सर्वज्ञ म्हणजे श्रीचक्रधरस्वामी. लीळाचरित्रात ‘सर्वज्ञें म्हणितलें’ हे शब्द इतक्यांदा येतात की तिथे ते विशेषण उरतच नाही, ते नावच होते. म्हणजे तेराव्या शतकातल्या मराठी गद्याच्या अगदी आरंभापासून या शब्दाला नामाचे स्थान आहे. ॲपच्या नोंदीत मात्र ‘वि.’ म्हणजे विशेषण, एवढीच खूण आहे. हा वापर आपल्या भाषेचा स्वतःचा आहे आणि मराठी कोशातच तो सापडू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आजच्या बोलण्यात शब्दाची चाल पुन्हा वेगळी आहे. चालत्याबोलत्या माणसाविषयी तो बहुतेक वेळा नकारासह किंवा नापसंतीने येतो: ‘मी काही सर्वज्ञ नाही’, ‘तो स्वतःला सर्वज्ञ समजतो’. कोणाच्या विद्वत्तेचा मनापासून गौरव करायचा असेल तर व्यासंगी, बहुश्रुत, जाणकार असे शब्द हाताशी आहेत. सत्काराच्या मानपत्रात ‘आपण सर्वज्ञ आहात’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला ती थट्टा वाटण्याचा धोका असतो. मराठी नव्याने शिकणाऱ्याला केवळ ‘सर्व जाणणारा’ हा अर्थ वाचून हे कसे कळावे? नोंदीत दोन उदाहरणवाक्ये असती तरी पुरे होते.

बाकी ॲपची बांधणी चांगली आहे. इंटरनेट नसतानाही ते चालते, अक्षर मोठे करता येते, आणि ‘सर्वज्ञाला’ किंवा ‘सर्वज्ञांनी’ असे विभक्तीचे रूप टाइप केले तरी मूळ शब्दावर नेऊन पोचवते, ही सोय मी इतरत्र क्वचितच पाहिली आहे. ‘तज्ञ’ शोधल्यावर ‘तज्ज्ञ’ हे शुद्ध रूप दाखवले जाते, याबद्दलही दाद द्यायला हवी. उच्चार ऐकवण्याची सोय मात्र मराठी वापरणाऱ्याने बंदच ठेवावी, कारण ध्वनिमुद्रणात स्पष्ट ‘सर्वग्य’ असे ऐकू येते. तो हिंदीचा उच्चार झाला. मराठी तोंडात ‘ज्ञ’ हा ‘द्न्य’सारखा येतो.

मी उदाहरणांसह या त्रुटी कळवल्या. तीन आठवड्यांनी नोंद पुन्हा उघडली तेव्हा ‘सर्वश्रुत’ काढलेला होता, उच्चार मात्र तसाच होता आणि ‘वि.’च्या पुढे अजून काही आलेले नव्हते. शुद्धलेखन आणि लिंग पाहण्यासाठी हे ॲप मी वापरत राहणार आहे. समानार्थी शब्द घेताना छापील कोश उघडतो.