पाळीच्या कळांची गोळी: अकरा वर्षांचा अनुभव

मेफेनॅमिक ॲसिड (दुखणं कमी करणारं) २५० मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन (पेटके सैल करणारं) १० मिलिग्रॅम. पाळीत पोट दुखतंय म्हटलं की केमिस्ट काही न विचारता हातावर ठेवतो, तीच ही गोळी. मी एसटीत कंडक्टर आहे. चामडी बॅगेत सुट्ट्या पैशांच्या कप्प्याशेजारी तिची एक पट्टी कायम असते.

गुण येतो, हे आधी कबूल करते. फक्त वेळ चुकवायची नाही. ओटीपोट जड व्हायला लागलं की लगेच, दोन घास खाऊन घेतली, तर तासाभरात उभं राहता येतं. खंबाटकी घाट चढेपर्यंत दात-ओठ खात बसलं आणि मग गिळली, की ती ड्युटी गेलीच. कारण ही गोळी नवं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे कळा आणणारं शरीरातलंच रसायन, बनू देत नाही. आधीच बनलेलं पुसून टाकत नाही. उपाशीपोटी घेतली तर जळजळ. आणि डायसायक्लोमिनने तोंडाला अशी कोरड पडते की 'चला, कराडवाले' ओरडताना जीभ टाळूला चिकटते.

माझा राग गोळीवर नाही, वर्षानुवर्षं नुसती तीच लिहून देणाऱ्यांवर आहे. 'लग्न झालं की थांबेल.' झालं. 'मूल झालं की थांबेल.' तेही झालं. शेवटी सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, निघाली. नव्या डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून एंडोमेट्रिओसिस समजावला. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर रुजतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन बनवतात. त्याच्या जोरावर तिथल्या तिथे इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होतं, आणि इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढवतं. गोळीने कळ दबते, सिस्ट विरघळत नाही. आता रोज डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम घेते. सुरुवातीला अधूनमधून डाग लागायचे, त्याचा वैताग वेगळा.

आणखी एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा दिला होता: क्वचित कुणाला ड्रेस सिंड्रोम, म्हणजे औषधाची गंभीर ॲलर्जी, होतो. ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं. असं काही दिसलं तर गोळी बंद करून डॉक्टर गाठा. आमच्या केमिस्टला विचारलं, तर म्हणाला, 'ताई, सगळेच घेतात की!'

पाचपैकी साडेतीन तारे. एक जळजळीचा कापला, अर्धा त्या कोरडीचा.