बाससाठी मध्यम किमतीचा रॉड: पैसे नेमके कशाचे मोजायचे

बास मासा पकडायच्या रॉडच्या मध्यम किमतीच्या गटात चांगल्या कंपन्यांचे ब्लँक (रॉडची मुख्य नळी) आता इतके सुधारले आहेत की कार्बनमुळे फसगत क्वचितच होते. फसगत होते ती चुकीची अ‍ॅक्शन (रॉड किती भागात वाकतो) उचलल्यामुळे आणि गाइड (लाइन म्हणजे दोरी जिच्यातून जाते ती कडी) न तपासल्यामुळे. दुकानात मात्र सगळी चर्चा कार्बनची चालते.

निवड सुरू करावी गळापासून. जिग (वजनदार डोक्याचा गळ), टेक्सस रिग (गळावर चढवलेला रबरी किडा) आणि स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) या ल्युअरना, म्हणजे कृत्रिम आमिषांना, एकच जाड गळ असतो. टेक्सस रिगमध्ये तर तो आधी रबरी किड्यातून आरपार जायचा आणि मग बासच्या जबड्यात रुतायचा. त्यासाठी फास्ट अ‍ॅक्शन लागते: वरचा साधारण एक तृतीयांश भाग वाकतो, खालचा ताठ राहतो आणि हिसका थेट गळापर्यंत पोचतो. क्रँकबेटचं, म्हणजे ओढताना बुडी मारणाऱ्या माशाच्या आकाराच्या कडक ल्युअरचं, उलट आहे. त्याचे तिहेरी गळ बारीक तारेचे असतात, सहज टोचतात आणि तितकेच सहज सुटतात. फास्ट रॉडवर मासा ल्युअर नीट तोंडात घेण्याआधीच ते ओढलं जातं, किंवा मासा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो तेव्हा गळाचं भोक रुंदावतं. तिथे निम्म्यापर्यंत वाकणारी मॉडरेट अ‍ॅक्शन हवी, फायबरग्लास मिसळलेला ब्लँक असेल तर उत्तमच. दोन्ही कामं सारखीच चांगली करणारा रॉड या किमतीत नाही, आणि खरं तर कुठल्याच किमतीत नाही.

एकच रॉड घ्यायचा असेल तर ७ फुटी, मीडियम-हेवी (ही पॉवर, म्हणजे रॉडचा ताठपणा), फास्ट कास्टिंग रॉड (रील वरच्या बाजूला बसणारा) घ्यावा. त्यावर बहुतेक वेळा १२ ते २० पाउंड लाइन आणि ३/८ ते १ औंस ल्युअर असं छापलेलं असतं. या आकड्यांची दोन्ही टोकं म्हणजे कशीबशी निभावण्याची मर्यादा. रॉड खरा खुलतो मधल्या वजनावर, अर्धा ते पाऊण औंसाला. पाव औंसाचं ल्युअर लावलं तर ब्लँक वाकतच नाही, फेकणारा जोर वाढवतो आणि रीलवर लाइनचा गुंता होतो. वजन मोजताना रबरी किडा विसरू नये: अर्ध्या औंसाच्या जिगला जाड ट्रेलर लावला की एकूण वजन पाऊण औंसाच्या आसपास जातं. ड्रॉपशॉट किंवा नेड रिगसारख्या, हलकं वजन लावायच्या कामाला हा रॉड वापरूच नये. त्याला मीडियम किंवा मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड (रील खालच्या बाजूला बसणारा) आणि ६ ते १० पाउंड लाइन हवी.

रॉडवरचे आकडे वाचायला शिकावं. सेंट क्रॉईच्या मोजो बासवर ७१एमएचएफ म्हणजे ७ फूट १ इंच, मीडियम-हेवी, फास्ट. डोबिन्सच्या फ्युरीवर ७०३सी म्हणजे ७ फूट ० इंच, पॉवर ३, कास्टिंग. पॉवरचं सर्वमान्य माप मात्र नाही. एका कंपनीचा मीडियम-हेवी दुसऱ्याच्या हेवीच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना नावापेक्षा ल्युअरच्या वजनाचे आकडे शेजारी ठेवावेत.

कार्बनच्या आकड्यांना फार भुलू नये. आयएम६, आयएम७ ही मुळात एका उत्पादकाच्या तंतूंची व्यापारी नावं. सगळ्या कंपन्यांना लागू पडणारा दर्जा ती सांगत नाहीत. मॉड्युलस (तंतूच्या ताठपणाचं माप) वाढला की तेवढाच ताठपणा कमी मालात मिळतो, रॉड हलका होतो, पण भिंत पातळ होते आणि ठोकर सोसण्याची ताकद घटते. होडीत रॉड एकमेकांवर आपटणार असतील तर मध्यम मॉड्युलसचा रॉड जास्त टिकतो.

आता गाइड, कारण किंमत खाली आणताना कात्री बहुधा इथेच लागते. साधारण ठोकताळा असा: जितके फूट तितके गाइड, अधिक एक, आणि वर टोकाचा. म्हणजे ७ फुटी रॉडला ८ आणि टोक. कमी असतील तर वाकलेल्या रॉडवर लाइन दोन गाइडांच्या मध्ये ब्लँकला घासते. बुडाकडून एक डोळा मिटून पाहावं. सगळे गाइड एका रेषेत दिसले पाहिजेत. मग कानात घालायची कापसाची काडी प्रत्येक रिंगमधून फिरवावी. कापसाचा तंतू जिथे अडकेल तिथे सिरॅमिकला बारीक चीर आहे, आणि ती चीर लाइन कापणार. ब्रेड (विणलेली लाइन) वापरणाऱ्यांनी फुजी अल्कोनाइट किंवा एसआयसी (सिलिकॉन कार्बाइड) यांसारख्या कडक रिंगांचाच आग्रह धरावा. मऊ रिंगेत ब्रेड हळूहळू खाच पाडते.

दुकानात जाताना स्वतःचं रील न्यावं. ते बसवून रीलच्या अगदी पुढे एका बोटावर रॉड तोलावा. टोक जोरात खाली गेलं, तर दिवसभर जिग खेळवताना मनगट दुखणार. सीटची (रील बसवायच्या जागेची) नट घट्ट आवळल्यावर रील डोलता कामा नये. कॉर्कची मूठ असेल तर नखाने चाचपावं: स्वस्त कॉर्कमधली भोकं पुट्टीने भरलेली असतात आणि पाण्यात ती पुट्टी निघते. ईव्हीए (फोमची मूठ) दिसायला साधं, पण या किमतीत तेच जास्त विश्वासाचं. वाकवून पाहायचं असेल तर लाइन गाइडांतून ओवून दुसऱ्याला सावकाश ओढायला सांगावं. टोक छताला टेकवून किंवा हाताने धरून वाकवणं साफ चूक, कारण सगळा भार सर्वांत पातळ भागावर येतो.

पैसे उरले तर महागडा एकच रॉड घेण्याऐवजी त्याच गटातला दुसरा, मॉडरेट अ‍ॅक्शनचा रॉड घ्यावा. महागड्या रॉडमध्ये हलकेपणा आणि तळाची जाणीव थोडी वाढते. योग्य अ‍ॅक्शनने मात्र गळाला लागलेला मासा होडीत येतो.

वॉरंटीत कारखान्यातला दोष बहुधा धरला जातो, गाडीच्या दारात चिरडलेलं टोक नाही. रॉड परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे विकत घेण्याआधीच विचारावं. मोडतोड मुख्यतः दोन कारणांनी होते. मासा होडीजवळ आल्यावर रॉड उभा धरून उचलला की टोकाजवळचा भाग पिचतो; शेवटच्या टप्प्यात रॉड आडवा ठेवून जाळी वापरावी. दुसरं कारण टंगस्टनची वजनं: लाइनला मोकळं लोंबणारं वजन वाहतुकीत ब्लँकवर आपटतं, दिसणारही नाही असा टवका उडतो आणि पुढे कधीतरी हिसका देताना रॉड तिथेच मोडतो. गळ हुक-कीपरला (रॉडवरच्या गळ अडकवायच्या कडीला) अडकवून लाइन ताणून ठेवली आणि रॉडवर कापडी मोजा चढवला की वजन लोंबत नाही.